लक्ष न लागणारं मूल आणि व्यसनाचा धोका: पालकांनी काय जाणून घ्यावं

प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात, ज्यांचं नाव आम्हा शिक्षकांच्या तोंडी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा येतं. "खाली बस", "समोर बघ", "वही कुठे राहिली?" घरी अम्मीच्या तोंडी तेच, फक्त भाषा वेगळी: "एक मिनट चैन नहीं इसको." मकतबमध्ये मौलवीसाहेबांची तक्रारही तीच असते. सबक येतो, पण बसत नाही. यातली पुष्कळ मुलं नुसती खोडकर असतात आणि वयाबरोबर आपोआप शांत होतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र हा खोडकरपणा नसतो, आजार असतो. त्याचं वैद्यकीय नाव एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता.

हा आजार लहानपणी ओळखला गेला नाही, तर पुढे तंबाखू, गांजा, दारू यांच्या व्यसनात अडकण्याची शक्यता वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. दुसरीकडे, आजार ओळखला गेला तरी आपल्याकडचे बरेच आईवडील उपचारालाच घाबरतात. "डॉक्टर नशेची गोळी देतात, मुलाला सवय लागेल," असं म्हणून चिठ्ठी कपाटात ठेवून दिली जाते. म्हणजे व्यसनाच्या भीतीने उपचार टाळायचे, आणि उपचार टाळल्यामुळे व्यसनाचा धोका तसाच ठेवायचा. ही गाठ सोडवता यावी म्हणून ऐरोली आणि आसपासच्या पालकांसाठी ही माहिती एकत्र करून देत आहोत.

हा आजार नेमका काय आहे?

हा काही मोबाईलच्या काळातला नवा शोध नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धी नीट, पण मन आवरता येत नाही, अशी ही मुलं. आज जगभरात साधारण पाच टक्के मुलांमध्ये हा आजार आढळतो असं मानलं जातं. म्हणजे पन्नासच्या वर्गात दोन किंवा तीन मुलं.

निदानासाठी डॉक्टर ज्या कसोट्या वापरतात, त्या पालकांनाही माहीत असाव्यात. लक्षणांच्या दोन याद्या आहेत. पहिली लक्ष न लागण्याची: वस्तू हरवणं, काम अर्धवट सोडणं, समोरचा बोलत असताना ऐकतच नाही असं वाटणं, सोप्या चुका करणं. दुसरी चंचलता आणि उतावळेपणाची: सतत चुळबुळ, जागेवरून उठणं, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबता न येणं. दोन्ही याद्यांत नऊ-नऊ लक्षणं आहेत. त्यांपैकी एका यादीतली किमान सहा लक्षणं असावी लागतात. ती सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेली असावीत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, आणि किमान दोन ठिकाणी दिसावीत, उदाहरणार्थ घरीही आणि शाळेतही. फक्त शाळेत त्रास आणि घरी सगळं व्यवस्थित असेल, तर कारण बहुधा शाळेतच शोधावं लागतं.

मुलींचं निदान राहून जातं. त्या बहुतेक वेळा धिंगाणा घालत नाहीत. खिडकीबाहेर बघत स्वतःच्या विचारात हरवून बसतात. शिक्षक त्यांना "शांत" म्हणतात, निकाल लागला की "ढ" म्हणतात, आणि आठवी-नववीला घरचे म्हणतात, "आता शिकून काय करणार?"

आजार मेंदूच्या वाढीशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये मेंदूच्या चित्रांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण परिपक्व होण्याचा टप्पा इतर मुलांच्या तुलनेत सरासरी तीन वर्षं उशिरा येतो, असं त्यात दिसलं. सर्वात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, म्हणजे थांबणं, विचार करणं, मोह आवरणं ही कामं जो भाग करतो त्यात. आजारात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. त्यामुळे "याचे अब्बूपण लहानपणी असेच होते" हे वाक्य डॉक्टरांसमोर अवश्य सांगावं. ते निदानाला मदत करतं.

आईवडिलांच्या लाडामुळे किंवा संस्कार कमी पडल्यामुळे हा आजार होत नाही. नजर लागल्यानेही होत नाही. दुआ करावी, दम करावा, त्याला कोणी नको म्हणत नाही. पण तावीज बांधून डॉक्टरांकडे जाणं टाळलं, तर मुलाची शाळेतली मोलाची वर्षं निघून जातात.

एक खुलासा इथेच करायला हवा. २००७ सालचा 'तारे जमीन पर' बऱ्याच घरांत पाहिला गेला आहे. त्यातल्या मुलाची अडचण वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सियाची आहे. तो वेगळा विषय आहे. मात्र हे दोन त्रास एकाच मुलात एकत्र सापडणं नवीन नाही, म्हणून तपासणी दोन्हींची करून घ्यावी.

व्यसनाशी संबंध: अभ्यास काय सांगतात?

२०११ मध्ये एका अमेरिकी संशोधक गटाने मुलांना वर्षानुवर्षं पाहत राहिलेल्या २७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. एडीएचडी असलेल्या मुलांना पुढे तंबाखूतल्या निकोटिनचं व्यसन लागण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट निघाली. दारूच्या आणि गांजाच्या व्यसनाची शक्यता दीड पटीहून जास्त, तर कोकेनची दुपटीच्या आसपास होती.

त्या अभ्यासातली एक बाब आमच्या मते सगळ्यात बोलकी आहे. दारू एकदा तरी चाखून पाहण्याच्या बाबतीत एडीएचडी असलेली मुलं आणि इतर मुलं यांच्यात ठळक फरक नव्हता. फरक पुढे पडला. एका गटातल्या जास्त मुलांना थांबता आलं, दुसऱ्या गटातल्या जास्त मुलांना नाही.

उलट बाजूनेही हेच दिसतं. व्यसनावर उपचार घेणाऱ्या रुग्णांची तपासणी केलेल्या अनेक अभ्यासांचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात दर चार रुग्णांमागे जवळपास एकाला एडीएचडी असल्याचं आढळलं. त्यांतल्या कितीतरी जणांना आपला हा त्रास व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचल्यावरच समजतो.

या आकड्यांनी घाबरून जाऊ नका. शक्यता दुप्पट-तिप्पट असणं म्हणजे प्रत्येक मूल व्यसनी होणं नव्हे. एडीएचडी असलेली बहुसंख्य मुलं व्यसनी होत नाहीत. त्यांच्यातून चांगले कारागीर, खेळाडू, व्यापारी, डॉक्टर तयार होतात. आकड्यांचा अर्थ एवढाच, की या मुलांकडे इतरांपेक्षा लवकर आणि जास्त लक्ष द्यायला हवं.

मधली साखळी कशी तयार होते?

सातवीतलं चंचल मूल आणि विशीतला व्यसनी तरुण यांच्यामध्ये काही वर्षं असतात. त्या वर्षांत काय घडतं, हे शिक्षक म्हणून आम्ही जवळून पाहतो.

पहिलं कारण मेंदूतलंच आहे. उतावळेपणामुळे "नंतर काय होईल" हा विचार उशिरा येतो. आत्ताची मजा मोठी वाटते, पुढच्या महिन्यातली परीक्षा लहान. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते आनंद आणि उत्साहाशी जोडलेलं आहे. या आजारात त्याचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं, म्हणून मुलाला लवकर कंटाळा येतो आणि ते सतत काहीतरी नवीन, जोरदार शोधत राहतं. निकोटिन, गांजा, एमडी हे सगळे पदार्थ याच रसायनाशी खेळतात. तंबाखू चघळल्यावर थोडा वेळ मन एका जागी थांबल्यासारखं वाटतं. मूल नकळत स्वतःवर चुकीचा इलाज करू लागतं.

दुसरं कारण आपण मोठी माणसं तयार करतो. रोजची बोलणी, रोजचा मार, वर्गाबाहेर उभं करणं, भावाबहिणींशी तुलना. दहा वर्षांचं मूल हे सगळं ऐकून एकच निष्कर्ष काढतं: मी वाईट आहे. मग अभ्यास सुटतो, नापासाचा शिक्का बसतो, चांगल्या मुलांचे आईवडील आपल्या मुलांना त्याच्याबरोबर खेळू देत नाहीत. त्याला जवळ कोण घेतं? पानटपरीच्या मागे उभी राहणारी मोठी मुलं. तिथे त्याला कोणी "नीट बस" म्हणत नाही.

संशोधनही याला दुजोरा देतं. एडीएचडीच्या सोबतीला मारामारी, चोरी, शाळा बुडवणं, सतत खोटं बोलणं अशा वर्तनसमस्या सुरू झाल्या, की व्यसनाचा धोका सगळ्यात जास्त वाढतो. नुसती चंचलता असलेल्या मुलाचा धोका त्यामानाने कमी असतो. म्हणजे आजार ही सुरुवात आहे, पण पुढचा रस्ता बराचसा आपल्या वागण्यावर ठरतो. याच ठिकाणी पालकांना आणि शिक्षकांना सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे.

आपल्या आसपास काय मिळतं?

सुरुवात बहुतेक वेळा मावा, गुटखा किंवा सिगारेटने होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १३ ते १५ वयोगटातले ८.५ टक्के विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतं.

लहान मुलांच्या बाबतीत दुसरी मोठी काळजी म्हणजे हुंगण्याचे पदार्थ: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. हे पदार्थ स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, म्हणून घरच्यांना संशय येत नाही.

त्यापुढे गांजा, झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. एमडीला २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. ऐरोली, रबाळे, घणसोली, दिघा हा सगळा पट्टा ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने आणि आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला गावठाणं, सिडकोच्या वसाहती आणि दाट वस्त्या. आईवडील दोघंही कामावर, मूल दुपारभर मोकळं, अशी घरं इथे खूप आहेत. चंचल मुलासाठी ती मोकळी दुपारच सगळ्यात धोक्याची वेळ.

औषध म्हणजे नशाच ना?

पालकांच्या सगळ्यात मोठ्या भीतीकडे येऊ या. एडीएचडीसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. ते उत्तेजक वर्गातलं आहे, हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली ते पहिल्यांदा तयार झालं. म्हणजे त्याच्या वापराचा अनुभव कित्येक दशकांचा आहे. भारतात त्यावर कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. सगळ्या मेडिकलमध्ये ते मिळतही नाही. या सगळ्या अटी पाहूनच काही पालक दचकतात.

नशा आणि औषध यांतला फरक मात्रा आणि वेग यांत आहे. डॉक्टर ठरवतात तेवढी गोळी पोटातून घेतली, की तिचा परिणाम मेंदूत हळूहळू चढतो. झटका बसत नाही, "मस्त" वाटत नाही. मुलाला फक्त थोडं जास्त वेळ एका कामावर टिकता येतं.

मग पुढे सवय लागते का? १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाने तशी शंका व्यक्त केली होती. त्यानंतर बरंच काम झालं. २००३ मध्ये सहा अभ्यास एकत्र करून पाहिले, तर औषध घेतलेल्या मुलांत पुढचं व्यसन उलट कमी दिसलं. २०१३ मध्ये १५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा औषधामुळे व्यसन वाढतही नाही आणि घटतही नाही, असा निष्कर्ष आला. स्वीडनमध्ये ३८ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये जाहीर झालं, की औषध घेणाऱ्यांत पुढच्या काळातल्या व्यसनाच्या घटना ३१ टक्के कमी होत्या. अमेरिकेत जवळपास ३० लाख रुग्णांच्या विम्याच्या नोंदींवरून २०१७ मध्ये अशाच दिशेचा निष्कर्ष निघाला. तिथल्या ५७९ मुलांना नव्वदच्या दशकापासून मोठं होईपर्यंत पाहत राहिलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात २०२३ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा औषध आणि व्यसन यांचा संबंध ना वाढीचा दिसला, ना घटीचा.

सारांश असा: नीट देखरेखीखाली घेतलेलं औषध मुलाला व्यसनी बनवतं, याला आधार नाही. काही अभ्यासांत तर ते बचाव करताना दिसतं. मात्र नुसती गोळी म्हणजे व्यसनाविरुद्धचा विमाही नाही. घर, शाळा आणि सोबत यांचं काम गोळी करत नाही.

काही काळज्या खऱ्या आहेत. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, वजन-उंची आणि नाडी-रक्तदाब यांवर लक्ष ठेवावं लागणं, या गोष्टी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलाव्यात. उत्तेजक नसलेली, ॲटोमॉक्सेटिनसारखी औषधंही आहेत. ज्याच्या घरात आधीच कुणाचं व्यसन आहे, त्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. त्यावरून कुठलं औषध द्यायचं ते ठरतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देणं, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे. गोळ्या नेहमी मोठ्यांच्या ताब्यात, मोजून ठेवाव्यात. आजार नसलेला मोठा भाऊ किंवा मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी तीच गोळी मागू लागला, तर तो मात्र गैरवापर आहे.

दीनच्या नजरेतून

कुरआनने सूरह अल-माइदाच्या ९० व्या आयतीत शराब आणि जुगारापासून दूर राहण्याचा हुकूम दिला आहे, आणि नशा आणणारी प्रत्येक गोष्ट त्यात येते हे हदीसमधून स्पष्ट आहे. मावा-गुटखा "शराब थोडीच आहे" म्हणून चालवून घेणाऱ्यांनीही शरीराचं नुकसान करण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पण त्याच दीनने इलाज करायलाही सांगितलं आहे. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याची शिफाही ठेवली आहे, असा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचा आशय हदीसमध्ये आला आहे. डॉक्टरने आजारासाठी, ठरलेल्या मात्रेत दिलेलं औषध आणि मजेसाठी केलेली नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी मनात शंका राहिली, तर चिठ्ठी घेऊन जाणत्या आलिमांना विचारावं. शंकेपोटी औषध मध्येच बंद करू नये.

रमजानमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो. बालिग होण्याआधी मुलावर रोजा फर्ज नाही. मोठ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर औषधाची वेळ सहरीला बसवता येते का ते सांगू शकतात. दिवसभर परिणाम राहणाऱ्या गोळ्याही असतात. पण रात्रीची अपुरी झोप आणि रिकामं पोट यांमुळे त्रास वाढत असेल, तर आजारी माणसाला दीनने दिलेली सवलत लक्षात घ्यावी. हे सगळं रमजानच्या एक महिना आधी ठरवून ठेवावं.

घरी, वर्गात आणि मकतबमध्ये

हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं प्रेषितांच्या सेवेत होते. ते सांगतात, एकदा त्यांना कामाला पाठवलं होतं आणि ते वाटेत खेळणाऱ्या मुलांपाशी थांबले. प्रेषित मागून आले, त्यांनी हलकेच मानेला धरलं आणि हसत विचारलं, की सांगितलेल्या ठिकाणी गेलास का? कामही विसरू दिलं नाही आणि मुलाची लाजही घालवली नाही. आम्हा शिक्षकांना आणि पालकांना यापेक्षा चांगला धडा कुठला मिळणार?

रोजच्या व्यवहारात हे असं उतरवता येईल:

• एका वेळी एकच सूचना द्या. "दप्तर आवर, हातपाय धू, नमाजची तयारी कर, मग जेव" यातलं फक्त शेवटचं डोक्यात राहतं.

• अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. मध्ये पाच मिनिटं उठू द्या. हिफ्जचा सबकही दोन-तीन आयतींच्या भागांत घेता येतो.

• वर्गात पहिल्या बाकावर, दारापासून आणि खिडकीपासून दूर बसवा. फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उठबसीची कामं त्यालाच द्या.

• जे जमलं ते लगेच बोलून दाखवा. "आज पूर्ण पान लिहिलंस, माशाअल्लाह." महिन्याच्या शेवटी सायकल देण्याच्या वायद्यापेक्षा त्याच दिवसाची शाबासकी जास्त काम करते.

• शिक्षा करायचीच असेल तर छोटी, ताबडतोब आणि ठरलेली असावी. मार आणि चारचौघांतला अपमान पूर्णपणे बंद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे.

• झोप पूर्ण होऊ द्या. रात्री मोबाईल वेगळ्या खोलीत ठेवा.

• दुपारची मोकळी वेळ भरून काढा. क्रिकेट, पोहणं, कराटे, हातकाम, काहीही. घरी मोठं माणूस नसेल, तर फुप्पू, खाला किंवा शेजाऱ्यांकडे ठरलेली जागा हवी.

• पानटपरीवरून स्वतःसाठी तंबाखू आणायला मुलाला कधीही पाठवू नका. घरातल्या मोठ्याच्या खिशातली पुडी हीच मुलाची पहिली शाळा असते.

निदानासाठी कुठे जायचं?

प्रथम डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, थायरॉइडचा त्रास, अपुरी झोप, घरातली भांडणं यांमुळेही मूल असंच वागू शकतं. नंतर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ.

ऐरोलीतच महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. तिथे बालरोगतज्ज्ञांकडे पहिली चौकशी करता येते. अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र वाशीला आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला गेलं, की तिथे १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून दचकू नका, त्याच्या बाह्यरुग्ण विभागात रोज घरून येऊन परत जाणारे रुग्ण येतात. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही आहे. ऐरोली पुलावरून मुलुंड आणि पुढे लोकलने सायन गाठलं, तर तिथलं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. जाण्याआधी फोन करून वार आणि वेळ विचारून घ्या, म्हणजे रजा वाया जात नाही.

सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये त्याची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यात तपासायच्या तीस त्रासांच्या यादीत शिकण्यातल्या अडचणी आणि एडीएचडी दोन्ही आहेत. तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा "माझ्या मुलाचं लक्ष लागत नाही, तेही बघा" असं पालकांनी आधी वर्गशिक्षकांना लिहून द्यावं. वाचन-लेखनाची अडचण प्रमाणित झाली, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्याची कागदपत्रं आठवीपासूनच तयार करायला घ्यावीत.

"लोकांना कळलं तर? उद्या रिश्ते येणार नाहीत," ही भीती आम्हाला नवी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे.

व्यसन आधीच लागलं असेल तर

डोळे लाल, पैसे गायब, झोपेच्या वेळा उलट्या, कपड्यांना सोल्युशनचा वास, जुने मित्र अचानक सुटलेले: अशी चिन्हं दिसली तर आधी मारू नका आणि घराबाहेर काढू नका. घराबाहेर काढलेला मुलगा थेट विकणाऱ्याच्या हातात जातो.

महाराष्ट्रात या बाबतीत एक मोठी परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्याची घरं उद्ध्वस्त केली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, ही त्यांची भूमिका आज सगळीकडे मान्य आहे. कायदाही ती काही प्रमाणात मानतो. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ खटल्यापासून संरक्षण देतं. विकणाऱ्यांना मात्र माफी नाही. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

व्यसनमुक्ती केंद्रात मुलाला दाखल करताना एक गोष्ट आवर्जून सांगा: "लहानपणी याचं लक्ष लागत नव्हतं, हा फार चंचल होता." शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. शेऱ्यांच्या रकान्यात शिक्षकांनी लिहिलेलं "हुशार पण चंचल" तिथल्या डॉक्टरांना बरंच काही सांगून जातं. मूळ आजारावर इलाज झाला नाही, तर व्यसन सुटूनही पुन्हा लागण्याचा धोका राहतो.

फोनवर मदत हवी असेल तर हे क्रमांक घरात लावून ठेवा: मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, संकटातल्या मुलांसाठी १०९८, अमली पदार्थांची विक्री कळवण्यासाठी १९३३.

मस्जिदच्या कमिट्यांना आणि इमामसाहेबांना आमची एक विनंती आहे. नशेविरुद्ध जुम्याचे बयान होतात, ते चांगलंच आहे. त्यातला एखादा बयान अशा मुलांवरही व्हावा, जी अजून नशेपर्यंत पोहोचलेली नाहीत, फक्त मागच्या सफेत चुळबुळ करत बसली आहेत. त्यांना मस्जिदीतून हाकलू नका. ती मुलं तिथे आहेत तोवर आपल्या नजरेसमोर आहेत.